पीपल के झाड़ के सामने

सीताबर्डीच्या फुटपाथवर दोन मराठी माणसं एकमेकांशी मनसोक्त हिंदीत भांडतात, हा नागपुरातला रोजचा देखावा आहे. एक मोजे विकत असतो, दुसरा घेत असतो. ‘कैसे दिया भाऊ?’ ‘पचास का जोड़ी, लेना है तो लो.’ घासाघीस होते, आईबापाच्या शपथा होतात, आणि तेवढ्यात विकणाऱ्याला घरून फोन येतो. ‘हाव, येऊन राहिलो ना वो, तू जेवून घे.’ घेणारा चमकतो.

‘तुम्ही मराठी का?’

‘हाव ना.’

‘मंग हिंदीत काहून बोलून राहिले होते?’

‘तुम्ही सुरू केलं म्हणून मी बोललो.’

दोघं खदखदून हसतात आणि निरोप घेतात तो पुन्हा हिंदीतच. ‘आते रहना भाऊ.’

बाहेरगावच्या मराठी माणसाच्या अंगाचा हे ऐकून तिळपापड होतो. पण त्यामागे इतिहास आहे. 1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, नंतर मध्य प्रदेशची राजधानी होती. कचेरीत जबलपूरचा साहेब, अमरावतीचा कारकून आणि रायपूरचा चपराशी एकाच टेबलाभोवती उभे असत. समोरचा माणूस कुठला, हे विचारत बसलं तर जेवणाची सुट्टी होऊन जायची. तेव्हा आधी हिंदीत सुरू व्हावं आणि पुढचं पुढे बघावं, असा व्यवहारी तोडगा या शहराने काढला. ती हिंदी ऐकून अलाहाबादचा माणूस कळवळतो, इथली मराठी ऐकून पुण्याचा कळवळतो. कळतं मात्र दोघांनाही सगळं. आपलं बोलणं चुकीचं आहे हे ठाऊक असूनही ते न थांबवण्याची जी सवय नागपूरकराला लहानपणापासून लागते, तिच्या जोरावर तो जगात कुठेही टॅक्सी मिळवू शकतो. भाषेवाचून अडतं ते शुद्ध बोलणाऱ्याचं, असं माझं मत अनेक विमानतळांवर उभं राहून बनलेलं आहे.

तसा नागपूरकराचा परदेश जरा उशिरानेच सुरू होतो. सोनेगावच्या विमानतळावरून थेट परदेशी विमान म्हटलं की वर्षानुवर्षं आपली शारजा नाहीतर दोहा. तिथे उतरलं की टॅक्सीवाला पेशावरचा, हॉटेलचा पोऱ्या केरळचा आणि दुकानदार सुरतेचा. ‘भाई साब, किधर जाने का?’ असं स्वागत झाल्यावर पासपोर्टवर शिक्का उगाच मारला की काय असं वाटायला लागतं. त्यात 1984 साली सुरू झालेल्या केसरी आणि 2013 साली सुरू झालेल्या वीणा वर्ल्ड या सहल कंपन्यांनी परदेश इतका आपलासा करून टाकला, की आल्प्सवर बर्फात उभं राहून माणूस मराठीत विचारतो, आज रात्री कढी आहे का. बरोबर मराठी टूर मॅनेजर, मागच्या सीटवर ठाण्याच्या वहिनी. भाषेची अडचण येणार कुठून?

ती येते मोकळ्या दिवशी. कार्यक्रमपत्रिकेत ‘स्वखर्चाने भटकंती’ असं लिहिलेलं असतं तो दिवस. आमच्या व्हिएतनामच्या सहलीत तो दिवस सायगावला आला. त्या शहराचं सरकारी नाव हो चि मिन्ह सिटी, पण तिथली माणसंही सायगावच म्हणतात. सकाळी हॉटेलच्या लॉबीत आम्ही चौघं उरलो होतो. नागपूरच्या महालातले काका आणि काकू, पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक आणि मी.

प्राध्यापक तयारीनिशी आले होते. निघण्यापूर्वी त्यांनी मोबाइलवर व्हिएतनामी भाषेचे धडे गिरवले होते. वहीत वाक्यं होती, वाक्यांवर स्वरांच्या खुणा होत्या. व्हिएतनामी ही सुरांची भाषा. सूर हलला की अर्थ हलतो. हनोईच्या प्रमाण बोलीत सहा सूर आहेत आणि प्राध्यापकांनी सहाही घोटून पक्के केले होते. पण सायगाव पडलं दक्षिणेत. तिथल्या बोलण्यात त्यातले दोन सूर एक झालेत आणि पाचच उरलेत. थोडक्यात, प्राध्यापक एक सूर जास्तीचा घेऊन आले होते. पुण्याचा माणूस नागपुरात आल्यावर जे होतं, तेच त्यांचं सायगावातही झालं.

कोपऱ्यावरच्या कॉफीच्या टपरीवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर आम्ही कसेबसे टेकलो. प्राध्यापकांनी वही मिटली, घसा साफ केला आणि एक पल्लेदार वाक्य म्हटलं. मुलीने ते आदराने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘यू वॉन्ट कॉफी, सर?’ प्राध्यापकांचा चेहरा पडला. त्यांना कॉफी नको होती, दाद हवी होती. काकांनी तोवर शेजारच्या माणसाच्या ग्लासाकडे बोट दाखवून चार बोटं वर केली होती. बर्फावर गाळलेली काळी कॉफी आणि तळाशी आटवलेल्या दुधाचा जाड थर, असे चार ग्लास आले. प्राध्यापकांनी स्वतःचा ग्लास व्याकरणाशिवाय मिळाला म्हणून जरा नाखुशीनेच उचलला.

काकांकडेही मोबाइल होता, आणि त्यात भाषांतर करणारं ॲप. गूगलच्या भाषांतरात मराठी 2013 पासून आहे, पण ती कुठली मराठी, याचा विचार बहुधा कोणी केलेला नाही. काका मोबाइल तोंडाशी धरून म्हणाले, ‘मले दोन बाटल्या पानी पाह्यजे, थंडं.’ मोबाइलने त्याचं काय केलं देव जाणे. मुलगी आधी घाबरली, मग तोंडावर हात ठेवून हसत सुटली. प्राध्यापकांना इथे आपला उपयोग दिसला. ‘अहो, प्रमाण भाषेत बोला.’ मग काका ताठ बसले आणि आकाशवाणीवरून बातम्या द्याव्यात अशा आवाजात बोलले, ‘मला पिण्याच्या थंड पाण्याच्या दोन बाटल्या हव्या आहेत.’ पाणी आलं. काकू बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. ‘इतकी वर्षं झाली लग्नाला,’ त्या म्हणाल्या, ‘माझ्याशी कधी असं बोलले नाही.’

टॅक्सीचा प्रश्न तिकडे ग्रॅब नावाच्या ॲपने सोडवून टाकलाय. 2018 साली उबरने आग्नेय आशियातला आपला धंदा ग्रॅबला विकला, तेव्हापासून तिकडे ग्रॅबच. कुठून, कुठे, किती पैसे, गाडीचा नंबर, सगळं पडद्यावर येतं. बोलायची गरजच नाही. पण नागपूरकराला न बोलता गाडी आली तर ती आपलीच आहे का अशी शंका येते. सुदैवाने ड्रायव्हरचा फोन आला. हे ड्रायव्हर जगभर सारखेच: नकाशावर तुमचा निळा ठिपका स्पष्ट दिसत असतो, तरी फोन करून विचारणारच. तो व्हिएतनामीत काहीतरी लांबलचक बोलला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, ‘हाँ भैया, मंदिर के बाजू में. पीपल के झाड़ के सामने. हाँ हाँ, सीधा आ जाओ.’ पलीकडून काहीतरी होकारार्थी आलं, आणि दोन मिनिटांत गाडी दारात उभी. ती उपग्रहाच्या कृपेने आली हे मला आणि प्राध्यापकांना माहीत होतं. काकांची मात्र आजतागायत खात्री आहे की तो पिंपळ बघून आला. पिंपळ होता हे खरंय.

यात गंमत अशी, की काका हिंदीत का बोलले? तर परका माणूस दिसला की नागपूरकर हिंदीत शिरतो आणि व्हिएतनामी माणूस परका आहे. यापलीकडे त्यात काही तर्क नाही. मी इंग्रजी जाणणारी माणसंही परदेशात पाहिली आहेत. समोरच्याला इंग्रजी कळलं नाही की ती तेच वाक्य आणखी सावकाश आणि आणखी मोठ्याने म्हणतात आणि तरीही कळलं नाही की नाराज होतात. काकांच्या हिंदीत नाराजी नव्हती, गप्पा होत्या. ‘आपके यहाँ पानी कब गिरता है?’ असं त्यांनी ड्रायव्हरला वाटेत विचारलं. त्यानेही खिडकीबाहेर हात काढून ढगांकडे दाखवत काहीतरी सविस्तर सांगितलं. पाऊस दुपारी येणार, असा अर्थ काकांनी लावला. दुपारी पाऊस आला. सायगावात पावसाळ्यात तो बहुतेक रोज दुपारी येतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

नागपूरची जशी इतवारी बाजारपेठ, तसं सायगावचं बेन थान्ह मार्केट. दारावर घड्याळाचा मनोरा, आत कापड, पिशव्या, वाळवलेले मासे, कॉफीच्या पुड्या, आणि दोन माणसं समोरासमोर आली की एकाला मागे सरकावं लागेल इतकी अरुंद बोळकांडी. बाहेर दुचाक्यांचा असा लोंढा, की रस्ता ओलांडताना थांबायचं नाही आणि धावायचंही नाही. एका चालीने पुढे जात राहायचं, त्या आपल्याभोवतून वळतात. परदेशी पर्यटक काठावर उभे राहून धीर गोळा करत होते. काकूंनी उजवा हात जरासा वर केला आणि इतवारीत शहीद चौक ओलांडावा तशा त्या पलीकडे गेल्या.

खरी मौज पुढे आहे. काकूंना नातीसाठी खांद्याला लावायची विणलेली पिशवी हवी होती. आम्ही पोचलो तेव्हा सकाळच होती. बऱ्याच गाळ्यांवरची फडकी नुकतीच निघत होती. विकणारी बाई काकूंच्याच वयाची. तिने कॅल्क्युलेटर पुढे केला. हा कॅल्क्युलेटर म्हणजे सगळ्या आशियाई बाजारांची राष्ट्रभाषा. त्यावर आकडा होता 4,50,000. प्राध्यापक दचकले. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग मिळतात, म्हणजे दीड हजार रुपये, हा हिशेब ते तोंडाने पुटपुटत करेपर्यंत काकूंनी कॅल्क्युलेटर आपल्याकडे ओढला होता आणि त्यावर 1,00,000 टिपले होते. बाईने छातीवर हात ठेवला. मग पिशवी उलटी करून आतली शिवण दाखवली. काकूंनी शिवण निरखली, एक सुटलेला धागा चिमटीत धरला आणि काही न बोलता तिच्यासमोर नाचवला. बाईने 3,50,000 केले. काकूंनी 1,20,000. बाई आकाशाकडे बघून काहीतरी बोलली. तिला लेकरंबाळं आहेत, असा त्याचा अर्थ असणार. बर्डीवर या टप्प्यावर हेच म्हणतात. काकूंनी मान हलवली, ‘मलेबी आहेत’ म्हणाल्या आणि पिशवी ठेवून चालायला लागल्या.

चालणं ही या व्यवहारातली सर्वांत नाजूक गोष्ट. फार भरभर गेलं तर ती हाक मारणार नाही, फार सावकाश गेलं तर नाटक कळतं. काकू नेमक्या चालीने तिसऱ्या गाळ्यापर्यंत गेल्या आणि मागून कोपर ओढलं गेलं. कॅल्क्युलेटरवर 1,80,000. काकूंनी पर्स उघडली. इथे एक सूचना कामाची आहे: व्हिएतनामची वीस हजारांची नोट आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळसर आणि दोन्ही प्लास्टिकच्या. घाईत असलेल्या माणसाला त्या जुळ्या बहिणी वाटतात, आणि पंचवीसपट फरकाची ही गल्लत भाषा येत असली तरी व्हायची. काकूंनी प्रत्येक नोट उजेडाला धरून, शून्यं मोजून दिली.

पैसे हातात आल्यावर त्या बाईने एक गोष्ट केली. नोटांची घडी करून ती तिने गाळ्यावरच्या साऱ्या पिशव्यांवरून, टोप्यांवरून फटाफट आपटत नेली. प्राध्यापक म्हणाले, धूळ झटकते आहे. काकू म्हणाल्या, ‘कायची धूळ! बोहनी होती बिचारीची.’ आणि खरोखर ती बोहनीच होती. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक दिवस घडवतं किंवा बिघडवतं, हा समज व्हिएतनामी व्यापाऱ्यांतही पक्का आहे, आणि पहिल्या विक्रीचे पैसे मालावरून फिरवायची रीतही. आपला इतवारीतला दुकानदार पहिली नोट कपाळाला लावतो, एवढाच फरक. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांना काय वाटलं कोणास ठाऊक, पर्समधून आणखी वीस हजारांची नोट काढून तिच्या हातात कोंबली. दोघी एकमेकींचे दंड धरून बराच वेळ बोलल्या. एकीचं महालातलं मराठी, दुसरीचं सायगावातलं व्हिएतनामी. प्राध्यापक वही उघडून उभे होते. त्यांच्या वाक्यांत हे वाक्य नव्हतं.

खाण्याचा प्रश्न मात्र बोटांनी सुटत नाही. शाकाहार हा हातवारे करून सांगायचा विषय नव्हे. ‘कोंबडी नको’ हे पंख फडफडवून सांगता येतं, पण ‘माशाचं पाणी नको’ कसं सांगणार? व्हिएतनामी स्वयंपाकात मासे आंबवून काढलेलं खारट पाणी आपल्या मिठासारखं सगळ्यात पडतं. जपानमध्ये सुकवलेल्या माशाच्या पातळ कापांचा अर्क साध्या दिसणाऱ्या सुपातही असतो. यावर उपाय आहे, पण तो पाटी वाचण्याचा आहे. व्हिएतनाममध्ये शाकाहारी खाणावळीच्या पाटीवर रोमन लिपीत ‘चाय’ असं वाचता येईल अशी अक्षरं असतात. काका चहा समजून आत शिरले आणि पोटभर जेवून बाहेर आले. तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसमच्छी टाळतात, त्यामुळे पौर्णिमेला गेलात तर निम्मा बाजार तुमचा. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की बिनधास्त बसावं. तिथे तर कांदा-लसूणही नसतो. आमच्या एका जैन शेजाऱ्याने बँकॉकमध्ये हा झेंडा दिसल्यावर त्याला नमस्कार केल्याचं मी ऐकलंय.

चित्रं वाचण्यात आपण भारतीय तसेही तयार आहोत. 1951-52च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातली साक्षरता जेमतेम अठरा टक्के होती. उमेदवाराची चिन्हं चिकटवलेल्या निरनिराळ्या पेट्या मांडल्या गेल्या आणि लोकांनी अक्षर न वाचता सरकार निवडलं. जपान्यांना हा प्रश्न 1964च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी पडला. जगभरचे पाहुणे येणार आणि त्यांना जपानी अक्षर वाचता येणार नाही. तेव्हा त्यांच्या चित्रकारांनी खेळांची आणि सोयींची साधी चित्रं बनवली. आज जगातल्या प्रत्येक स्टेशनावर स्वच्छतागृहाच्या दारावर दिसणारी घागऱ्यातली आणि पँटमधली माणसं त्याच घराण्यातली. बैलजोडीचं चिन्ह ओळखून मत दिलेल्या देशाला त्यांची काय भीती? भीती वाटते ती धरमपेठेतल्या नव्या कॅफेंची. तिथे एका दारावर मिशी आणि दुसऱ्यावर छत्री काढलेली असते, आणि मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही येणारा माणूस दोन्ही दारांपुढे अवघडून उभा असतो.

खुणांचंही सगळीकडे जमतं असं नाही. चीनमध्ये अंगठा आणि करंगळी वर केली म्हणजे सहा. आपण त्याला ‘फोन करतो’ म्हणतो. निरोप घेताना प्रेमाने ती खूण केलीत तर सहा नग बांधून मिळण्याची शक्यता आहे. आणि आपली ती आडवी डुलणारी मान तर भारताबाहेर नेऊच नये. तिचा अर्थ हो, नाही, बघू आणि तुमचंही बरोबर आहे, असा चारी बाजूंनी लागतो.

चीनवरून आठवलं. सप्टेंबर 1938 मध्ये, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत, त्यांच्यावर सिनेमा निघाला. पण त्या पाचांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते आणि वयाने सगळ्यांत मोठे होते. चिनी भाषेचा गंध नसताना उतारवयात हा माणूस युद्धभूमीवर गेला. तिथे ना ॲप, ना टूर मॅनेजर. जखमी शिपाई कुठे दुखतंय ते बोटाने दाखवत असेल आणि डॉक्टर ‘इथं? का इथं?’ विचारत असतील, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं. कोटणीस तर पुढे विद्यार्थ्यांना चिनी भाषेत शिकवू लागले. तिथे त्यांचं नाव झालं के दिहुआ. सोलापूरही कन्नड, तेलुगू आणि मराठी एका सुतात विणणारं गाव. तिथला माणूस चौथ्या भाषेला कशाला बिचकेल?

उलट दिशेनेही वाहतूक आहे. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरेई ससाई साठच्या दशकात भारतात आले आणि नागपूरचेच झाले. इंदोऱ्याच्या बुद्धविहारात त्यांचा मुक्काम, पुढे भारताचं नागरिकत्व, दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचं अध्यक्षपद. त्यांची हिंदी ऐकताना जपान ऐकू येतो, आणि इंदोऱ्यातल्या म्हाताऱ्या बायकांना त्यातला शब्दन् शब्द कळतो. 14 ऑक्टोबर 1956च्या बौद्ध धम्मदीक्षेपासून दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, त्यांत जपान, थायलंड, श्रीलंकेचे भिक्खूही असतात. आणि जपानी पाहुण्यांची कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला तर वर्षभर ये-जा. ते देखणं विहार जपानी देणगीतूनच 1999 साली उभं राहिलं.

परवा कामठी रोडवरच्या एका पानठेल्यापाशी अशीच एक गाडी थांबली. नागपुरात नवखा ड्रायव्हर आणि मागे दोन वयस्क जपानी पाहुणे. त्यांनी खिडकीतून ड्रॅगन पॅलेसचा फोटो दाखवला. ठेल्यावरचे तिघं पुढे आले आणि तिघांनी तीन दिशा दाखवल्या, तिन्ही हिंदीत आणि वरच्या पट्टीत. ‘सीधा जाओ, पुलिया लगेगी, उसके बाजू से मत मुड़ो.’ पाहुणे कमरेत वाकून आभार मानत होते, त्यामुळे ठेल्यावरची माणसंही वाकायला लागली, आणि हा कार्यक्रम काही वेळ चालला. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर मात्र काहीच उमटलं नाही. शेवटी त्या तिघांपैकी एकाने तोंडातलं पान बाजूला थुंकलं, पुढचं दार उघडलं आणि सरळ आत बसला. ‘चलो, मैं दिखाता हूँ.’ पाहुण्यांनी पुन्हा वाकून आभार मानले. ठेलेवाला मला म्हणाला, ‘भला माणूस आहे. तसंबी त्याले कामठीले जायचंच होतं, केव्हाचा ऑटो पाहून राहिला होता.’